खुर्चीवरची हजेरी

"उजव्या पायाला हात लावू नगो," मी दस्तगीरला म्हणालो. "तू पाठीकडनं धर. मी मांडीखालनं उचलतो."

सकाळचे सात वाजले होते. शिये गावात हिंदुराव चौगुलेच्या दारात कंपनीची जीप उभी होती आणि निम्मी गल्ली उंबऱ्यावर आली होती. दस्तगीर जीपचा ड्रायव्हर. हिंदुराव खाटेवर बसला होता, आणि त्याचा उजवा पाय बँडेज गुंडाळून गुंडाळून उशीएवढा झाला होता. आदल्या दिवशी सकाळी वितळलेलं लोखंड त्याच्या बुटात गेलं होतं. डोळे तापाने लाल झाले होते, तरी अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. तो त्याने कसा चढवला असेल देव जाणे.

शालन वहिनी दारातच उभ्या होत्या. वाट देईनात.

"भावजी, डॉक्टरनी पाय खाली सोडू नगा म्हटलंय. आनि तुमी कामावर न्हेताय?"

"कामाला न्हवं, वहिनी. नुसतं बसायचं हाय. साहेबांच्या केबिनीशेजारी, पंख्याखाली. कार्ड पंच केलं की झालं."

"नुसतं बसायचं तर घरात काय काटं लागत्यात व्हय ह्यास्नी?"

याला साहेबांनी दिलेलं उत्तर होतं, पण ते एवढं लांबलचक होतं की दारात उभं राहून सांगता येईना. शेवटी हिंदुरावच बोलला.

"न्हेऊ दे गं. सदा म्हंतोय न्हवं? मग काय वंगाळ असनार न्हाई."

सदा म्हणजे मी, सदाशिव मगदूम. या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. मी रिटायर झालो, गुडघे गेले, दोन नातवंडं झाली. पण ते एक वाक्य काही मला सोडत नाही. जेवायला बसलो की मध्येच आठवतं आणि ताट सरकवून उठतो.

आम्ही त्याला उचलून जीपमध्ये घातलं. पुलाजवळच्या खड्ड्यात जीप आदळली तेव्हा त्याने माझा दंड एवढा आवळला की चार दिवस वळ होते. तोंडातून मात्र आवाज काढला नाही. कंपनीच्या गेटवर वॉचमन खडू घेऊन पाटी पुसत होता. ‘अपघाताविना दिवस’ असं पाटीवर पांढऱ्या रंगाने कायमचं रंगवलेलं, आणि खाली खडूने आकडा. काल तीनशे अठरा होता. वॉचमनने जीपमध्ये वाकून बघितलं, हिंदुराव आलाय याची खात्री केली, आणि मग तीनशे एकोणीस लिहिलं.

टाइम ऑफिसात मी त्याला कमरेत धरलं आणि त्याने कार्ड पंच केलं. मायदेव साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले. हिंदुरावचा हात दोन्ही हातांत घेतला, पायाखाली स्वतःच्या हाताने स्टूल सरकवलं, पंखा दोन नंबरवर केला, चहा सांगितला. "हिंदुराव, तुमचे उपकार मी विसरणार नाही," म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला.

मायदेव साहेब कोण, हे सांगायला हवं. त्याशिवाय मी एवढा खुळा कसा झालो हे कळायचं नाही.

आमची शिरोलीच्या एमआयडीसीतली फाउंड्री. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, मोटारींचे भाग काढायचे. फर्नेसवर आम्ही चाळीस माणसं. ते यायच्या आधी आमच्याकडे सुरक्षा म्हणजे भिंतीवरचं एक पोस्टर होतं. त्यात हेल्मेट घातलेला एक गोरागोमटा कामगार हसत होता आणि त्याच्या खिळ्याला आम्ही डब्याच्या पिशव्या अडकवायचो. मॅनेजर म्हणजे वरच्या काचेतून बघणारा माणूस, एवढीच आमची ओळख. मायदेव साहेब पुण्याहून आले आणि पहिल्याच मे महिन्यात चामड्याचा एप्रन घालून फर्नेससमोर तासभर उभे राहिले. घामाने निथळत होते, पण हलले नाहीत. महिन्याभरात त्यांना चाळीस जणांची नावं पाठ झाली. कुणाची म्हैस व्याली, कुणाची पोरगी दहावीला आहे, सगळं ठाऊक.

मग त्यांनी दर मंगळवारी बैठक सुरू केली. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "ज्याला धोका दिसेल त्याने काम थांबवायचं. मला विचारायचं नाही. सुपरवायझरला विचारायचं नाही. थांबवायचं."

कुणाचाही विश्वास बसला नाही. भरमू नाईक माझ्या कानात पुटपुटला, "थांबवून बघा, मग कळंल घरचा रस्ता कुठनं जातोय."

दोन दिवसांनी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "सदाशिवराव, लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. तुम्ही समितीत या." मला फुगायला एवढं पुरे होतं. चाळीस माणसांना मी एकेक करून पटवलं. चहाच्या गाड्यावर, कट्ट्यावर, कुणाच्या बारशात. सगळ्यात जड गेला हिंदुराव. तो लाडलवरचा माणूस. लाडल म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं आतून मातीचं अस्तर दिलेलं भलंथोरलं भांडं. त्या कामात त्याच्याएवढी नजर कुणाची नव्हती. माणूस बोलायला कमी आणि संशयाला पुढे.

"सदा, साहेब चांगला असंल," तो म्हणाला. "पन चांगलं असनं सोपं असतंय, अडचन येईस्तवर."

"माज्या शब्दावर एकदा थांबून बघ. कायबी झालं तर मी हाय."

आणि तो थांबला. क्रेनचा हूक वाकल्यासारखा वाटला म्हणून त्याने भर कामात हात वर केला. माल न्यायला ट्रक दारात, सुपरवायझर तोंडाचा पट्टा सोडून बसलेला. साहेब खाली आले. हूक बघितला आणि सगळ्यांदेखत हिंदुरावशी हात मिळवला. दोन तास काम बंद राहिलं, ट्रक उभा राहिला, कुणी चकार शब्द काढला नाही. त्या दिवसापासून लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. पुढचे सहा-आठ महिने फार चांगले गेले, हे मी आजही मान्य करतो. मोडका जिना दुरुस्त झाला, नवे बूट आले, लोक बैठकीत तोंड उघडून बोलू लागले.

मग हेड ऑफिसने ढाल लावली. ज्या कारखान्यात वर्षभर अपघात नाही त्याला ढाल. गेटवर पाटी आली. नियम असा, की जखम होऊन माणूस एक पाळी जरी घरी राहिला तर आकडा शून्यावर. कामावर आला, कार्ड पंच केलं, तर तो अपघात नव्हे, नुसता प्रथमोपचार.

पाटी नवी होती तेव्हा साहेब सकाळी गेटमधून येताना आधी आम्हाला रामराम करायचे. आकडा दोनशेच्या वर गेला तसे ते आधी पाटीकडे बघू लागले. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं असेल, पण मी कानाडोळा केला. भरमूचं बोट फाटलं तेव्हा त्याने ते मोज्यात कोंबून पाळी काढली आणि मीच त्याची पाठ थोपटली होती. वा रे गड्या, पाटी वाचवलीस!

तीनशे अठराव्या दिवशी, सोमवारी, पुण्याहून मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं ओतकाम बघायला यायची होती. लाडलच्या आतलं अस्तर सकाळीच डागडुजी करून लिंपलेलं. ते बर्नरवर चार तास तरी तापवून सुकवायला लागतं. दीड तास झाला होता. अस्तरात ओल राहिली आणि वर लोखंड पडलं की ते उकळतं आणि बाहेर उडतं, हे आमच्यातला पहिल्या वर्षाचा माणूसही जाणतो.

हिंदुरावने हात वर केला. "साहेब, ह्यात ओल हाय. थांबूया."

पाहुणे बाहेर गाडीतून उतरत होते. साहेब हिंदुरावच्या जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. रागावले नाहीत. आवाजसुद्धा चढला नाही.

"तुम्ही थांबा म्हणालात तर मी थांबणारच, हिंदुराव. माझा शब्द आहे. पण हे लोक आज रिकाम्या हाताने गेले तर पुढच्या वर्षी ही फर्नेस चालेल का, मला सांगता येत नाही. तुम्हीच ठरवा."

एवढं बोलून ते तिथेच उभे राहिले, हात खांद्यावर तसाच. ठरवायचं ओझं एका कामगाराच्या डोक्यावर ठेवून, त्याच्याकडे प्रेमाने बघत.

हिंदुरावने माझ्याकडे बघितलं. मी समितीचा माणूस, मी त्याला शब्द दिलेला. मी काय केलं? मी म्हणालो, "बर्नर जोरात हुता की सकाळपास्नं. हुईल."

"बरं. चला," हिंदुराव म्हणाला.

लोखंड लाडलमध्ये पडलं, क्षणभर शांत राहिलं आणि मग आतून गदगदून उसळलं. सगळे मागे पळाले. हिंदुराव लाडलच्या दांड्याला होता. तो सोडला असता तर सगळं लोखंड जमिनीवर आलं असतं. त्याने सोडला नाही. अंड्याएवढा एक गोळा त्याच्या बुटाच्या तोंडातून आत गेला.

डॉक्टरकडे साहेब संध्याकाळपर्यंत बसून होते. निघताना मला बाजूला घेतलं. "सदाशिवराव, पाटी शून्यावर गेली तर हेड ऑफिस म्हणेल, तुमची मंगळवारची बैठक, काम थांबवायचा हक्क, सगळा तमाशा आहे, बंद करा. दोन वर्षांची आपली मेहनत जाईल. फक्त थोडे दिवस त्यांना खुर्चीत बसवू. त्यांचा पाय बरा होईपर्यंत मी त्यांना मुलासारखं सांभाळतो."

म्हणून मी जीप घेऊन शियेला गेलो होतो.

त्याच मंगळवारच्या बैठकीत साहेबांनी हिंदुरावला खुर्चीसकट मध्ये आणून बसवलं आणि सगळ्यांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. हिंदुराव तापाने हलत होता. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

पाच दिवस असेच गेले. रोज सकाळी मी आणि दस्तगीर त्याला उचलायचो, रोज संध्याकाळी परत न्यायचो. दिवसभर तो पंख्याखाली बसायचा. फर्नेसवरची माणसं पाणी प्यायच्या निमित्ताने काचेसमोरून जायची, त्याला बघायची आणि मान खाली घालून परत यायची. शुक्रवारी तो मला म्हणाला, "सदा, आतनं ठसठसतंय रं." मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी लगेच गोळ्या मागवल्या. शनिवारी त्याने डबा उघडला नाही.

रविवारी पायाला वास सुटला. वहिनींनी शेजाऱ्याच्या टेंपोत घालून त्याला कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरने पाय उघडून बघितला आणि विचारलं, "हा पाय पाच दिवस खाली सोडून कुणी बसवला?" दुपारी दोन बोटं काढली.

सोमवारी कामावर जाताना मी मनाची तयारी केली होती. आता पाटीवर शून्य. जाऊ दे, शून्य तर शून्य. गेटवर आलो तर पाटीवर तीनशे पंचवीस. मी वॉचमनला विचारलं, त्याने वर साहेबांच्या केबिनकडे बोट दाखवलं. मी साहेबांकडे गेलो. "तुम्ही काळजी करू नका," ते म्हणाले. "मी त्यांची रजा व्यवस्थित लावली आहे." मला वाटलं, मोठ्या लोकांना नियमातली काही वाट ठाऊक असेल. मी परत फर्नेसवर गेलो.

तीन आठवड्यांनी शालन वहिनी माझ्या घरी आल्या. बायको चहा ठेवायला उठली, तर म्हणाल्या, "चहा नगो." कनवटीला खोचलेला एक कागद काढून माझ्यासमोर धरला. कामगार विम्याच्या कचेरीत त्या कामावरच्या अपघाताचा अर्ज घेऊन गेल्या होत्या. तिथल्या माणसाने कंपनीने पाठवलेल्या कागदाची नक्कल त्यांच्या हातात ठेवली होती आणि सांगितलं होतं, हा कामावरचा अपघात नाही.

मी वाचलं. कामगार हिंदुराव चौगुले यांच्या पायावर राहत्या घरी अंघोळीचे गरम पाणी सांडून इजा. कामाशी संबंध नाही. खाली लिहिलं होतं, चौकशी केली असता खरे आढळले. आणि त्याखाली सही: स. बा. मगदूम, सदस्य, सुरक्षा समिती.

सही माझीच होती. ‘म’ची शेपटी मी जशी ओढतो तशीच.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी जल्मात गरम पान्यानं आंगूळ केल्याली मी बघितली न्हाई. थंडीतबी हिरीवर जात्यात. तुमी कवा बघितलासा?"

माझी बायको चुलीकडेच उभी राहिली. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सही कशी आली ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. बैठक झाली की त्याची कागदपत्रं व्हायची आणि प्रत्येक वेळी मला सहीसाठी फर्नेसवरून वर बोलवावं लागायचं. तुमचा खोळंबा होतो, म्हणून साहेबांनी सुचवलं होतं की महिन्याच्या सुरुवातीलाच आठ-दहा कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवा. मी करायचो. एका हाताने चहा पीत करायचो. हिंदुरावला खुर्चीत बसवून ठेवल्याच्या त्या आठवड्यातसुद्धा, हात पुसून, हसत हसत सह्या केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये गेलो. दार लावलं. बसा म्हणाले, बसलो नाही.

"साहेब, हे खोटं हाय."

त्यांनी कागद बघितला. नाही म्हणाले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले.

"सदाशिवराव, मी दुसरं काय लिहिणार होतो? अपघात झाला असता तर माणूस दुसऱ्या दिवशी घरी असता. हिंदुराव पाच दिवस हजर होते. त्यांच्या कार्डावर पंच आहे. आणि त्यांना आणलं कुणी?"

"तुम्ही सांगितलं म्हनून!"

"आणलं कुणी?" ते हळूच म्हणाले. "हे मी तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. आपण दोघांनी मिळून केलं. आता आपण दोघांनी मिळूनच ते सांभाळायला हवं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या खोलीत कळलं. माणूस माझ्यावर ओरडला असता, धमकी दिली असती, तर मी काहीतरी करू शकलो असतो. ते माझ्याशी पहिल्यासारखंच गोड बोलत होते. दोन वर्षं आमच्याशी ज्या आवाजात बोलले, तोच आवाज. म्हणजे तो कधीच आमच्यासाठी नव्हता की काय? की होता, आणि पुढे कधी तरी नाहीसा झाला? मला आजही उलगडा होत नाही, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

मी तिथून थेट शियेला गेलो. हिंदुराव अंगणात पाय खाटेवर ठेवून बसला होता. मी सगळं सांगितलं. लाडलजवळचं माझं बोलणं, कोऱ्या सह्या, काही लपवलं नाही. मग म्हणालो, "तीनशे पासष्टाव्या दिवशी समारंभ हाय. हेड ऑफिसचा मोठा साहेब यायचाय. समितीच्या वतीनं मी बोलायचं ठरलंय. मी सगळ्यांम्होरं खरं सांगतो. तू फक्त व्हय म्हन. मग तुजा अर्ज बी मंजूर हुईल, पाय बी कामावरचा धरतील."

त्याने पाय खाटेवर जरा सरकवून ठेवला.

"बोल की," म्हणाला. एवढंच.

समारंभ शनिवारी दुपारी झाला. आवारात मंडप, पेढ्यांचे खोके, फुलांचा हार घातलेली पाटी. चाळीस माणसं धुतलेल्या शर्टात. हिंदुराव पहिल्या रांगेत, हातात काठी. हेड ऑफिसचे साहेब वयस्क, शांत माणूस होते. मायदेव साहेबांनी माझं नाव पुकारलं आणि माइक माझ्या हातात दिला.

मी बोललो. खिशातल्या भाषणाच्या कागदाला हात लावला नाही. म्हणालो, हे तीनशे पासष्ट खोटं आहे. तीनशे अठराव्या दिवशी ओल्या लाडलमधून लोखंड उडालं आणि हिंदुराव चौगुलेचा पाय भाजला. त्याने थांबूया म्हटलं होतं. त्याला थांबू दिलं नाही. पाच दिवस आम्ही त्याला उचलून आणला आणि खुर्चीत बसवला, म्हणून आकडा वाढला. अंघोळीच्या पाण्याच्या कागदावर सही माझी आहे, ती मी कोऱ्या कागदावर केली होती. माझी चूक मी कबूल करतो.

मायदेव साहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

हेड ऑफिसचे साहेब पुढे वाकले. "चौगुले कोण?"

हिंदुराव काठीवर जोर देऊन उठला.

"हे म्हणतात ते खरं आहे का? घाबरू नका, बोला."

हिंदुरावने माझ्याकडे बघितलं. लाडलजवळ बघितलं होतं तसंच. मी मान हलवली, बोल, बोल म्हणून.

"न्हाई, साहेब," तो म्हणाला. "बंबातलं पानी हुतं. घरात. मगदूमचा कायतरी घोटाळा झालाय."

आणि बसला.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळे वाजवू लागले. माइक कुणीतरी माझ्या हातातून काढून घेतला. मला खाली उतरायच्या पायऱ्या दिसेनात.

सुटल्यावर मी त्याला सायकल स्टँडवर गाठलं. दस्तगीर जीप घेऊन येईपर्यंत तो कठड्याला टेकून उभा होता. माझा तोल गेला होता. "मला चाळीस मानसांत तोंडावर पाडलंस," मी म्हणालो. "का, हिंदुराव? का?"

"सोमवारपास्नं मला स्टोअरात घेतलंय," तो म्हणाला. "बसून काम. काल साहेब घरला आल्तं."

"आनि मी न्हवतो आलो?"

"आल्तास की. दोघंबी आल्तासा. दोघंबी गोडच बोललासा." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी पाय धरले असते. "त्येच्या हातात माजं काम हुतं, सदा. तुज्या हातात काय हुतं?"

जीप आली. मी त्याला आधार द्यायला पुढे झालो. त्याने दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपला आपण चढला.

मला कामावरून काढलं नाही. मायदेव साहेबांनी तेवढंही केलं नाही. समितीतून कमी केलं, तेही माझ्या तब्येतीचं कारण देऊन. मंगळवारी बैठक झाली. साहेब नेहमीसारखे उभे राहिले, एकेकाकडे बघून म्हणाले, "कुणाला कुठे काही धोका दिसतोय? मोकळेपणाने सांगा." चाळीस माणसं मूग गिळून बसली. साहेब थोडं थांबले. त्यांनी पुन्हा विचारलं. मग "छान" म्हणून बैठक संपवली.

त्याच आठवड्यात गुरुवारी अस्तर सकाळी लिंपलेलं आणि अकरा वाजता लाडल फर्नेसखाली आली. हिंदुरावच्या जागी आता भरमू होता. मी लांबूनच बघितलं. काठाजवळ माती काळपट ओली दिसत होती. सुपरवायझर लांब होता, साहेब वर होते, कुणी घाई करत नव्हतं, कुणी खांद्यावर हात ठेवला नव्हता.

"थांबा," मी ओरडलो. "भरमू, ओल हाय त्यात. थांब."

भरमूने चेहऱ्यावरची जाळी वर केली. बाकीच्यांनीही माझ्याकडे बघितलं. माझ्याच शब्दावर कधीकाळी थांबायला तयार झालेली माणसं.

"मामा," भरमू म्हणाला, "चालंल की. बर्नर जोरात हुता."

दोघे-तिघे हसले. तेही फारसं नाही. भरमूने जाळी खाली ओढली आणि फर्नेस तिरकी करायला हात केला.

मी दोन पावलं मागे सरलो. बाकीचे तिथेच उभे होते.